आधी दात, मग किरणे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जागतिक कर्करोग दिनानिमित्त ४ फेब्रुवारीला आपल्या दैनिकाने काढलेली पुरवणी मी सावकाश, दोन बैठकांत वाचली. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार यांवरील लेख चांगले होते आणि सामान्य वाचकाला समजतील अशा भाषेत होते. मात्र शेवटच्या पानावरील चौकटीत ‘उपचारांच्या काळात रुग्णाचे तोंड येते, जेवण जात नाही, हा त्रास काही दिवस सोसावा लागतो’ असे एक वाक्य होते आणि त्या एका वाक्यापायी हे पत्र लिहीत आहे. तीस वर्षांहून अधिक काळ मी दंतमहाविद्यालयात मुखरोगनिदान हा विषय शिकवला. त्यातला बराच काळ, आधी विद्यार्थ्यांच्या प्रबंधांच्या निमित्ताने आणि पुढे स्वतःच्या ओढीने, कर्करोगाच्या उपचारांनी तोंडाचे काय होते याच अभ्यासात गेला. ‘कर्करोगाच्या पेशंटचे दात बघतो’ असे सांगितले की नातेवाईक हमखास विचारत, ‘अहो, जिवावर बेतलेले असताना दातांचे काय घेऊन बसलात?’ आपल्या चौकटीतले वाक्य आणि हा प्रश्न एकाच समजुतीतून आलेले आहेत आणि ती समजूत चुकीची आहे, हे मला अनुभवाने माहीत आहे.

‘तोंड येणे’ हा आपल्या भाषेतील फार सौम्य शब्दप्रयोग आहे. परीक्षेचे जागरण झाले, पोट साफ नसले, मिसळीवर तर्री जास्त झाली, तरी तोंड येते. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की चार दिवसांत जातेही. जबड्याला किंवा घशाला किरणे घेणाऱ्या माणसाच्या तिसऱ्या आठवड्याला आपण तोच शब्द वापरतो, तेथेच घोटाळा होतो. त्याच्या गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि टाळूचा मागचा भाग अक्षरशः सोलून निघालेला असतो, त्यावर पिवळट साय धरलेली असते आणि साधी लाळ गिळतानाही कानापर्यंत कळ जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर या व्रणांच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर फक्त पातळ पदार्थ जातात आणि चौथीवर तोंडावाटे काहीच जात नाही, नाकातून नळी घालावी लागते. नेहमीच्या केमोथेरपीत सुमारे ४० टक्के रुग्णांना, तर डोक्या-मानेच्या किरणोपचारांत जवळजवळ प्रत्येकाला यातील कुठली तरी पायरी चढावी लागते. त्रास असह्य झाला म्हणून रुग्ण आठवडाभर गैरहजर राहिला, तर तो आठवडा गाठीला मिळालेली सवलत असते, हे कोणताही किरणोपचारतज्ज्ञ सांगेल. म्हणजे प्रश्न केवळ सोसण्याचा राहत नाही, मूळ उपचार पुरा होण्याचाच होतो.

हे सोसणे अटळ नाही, हे दाखवून देण्यात ज्यांची हयात गेली त्यांत दंतवैद्य पुष्कळ आहेत. बॉस्टनमध्ये हार्वर्डच्या दंतवैद्यक विद्यालयात काम केलेले स्टीफन सोनिस हे त्यांतले ठळक नाव. १९७८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. कर्करोग तोंडाचा नसूनही उपचारांमुळे तोंडाची वाताहत झालेल्या रुग्णांविषयीचा तो निबंध होता. तोवर अशा रुग्णांचे तोंड उघडून पद्धतशीर नोंद ठेवणे ही कोणालाच आपली जबाबदारी वाटत नव्हती. पुढे १९९० मध्ये त्यांनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावर केमोथेरपीच्या व्रणांचा नमुना तयार केला. हॅमस्टरच्या गालात धान्य साठवायची पिशवी असते. ती उलटी करून आतला व्रण रोज पाहता येतो, मोजता येतो. किरकोळ वाटणाऱ्या या सोयीमुळे औषधांची तुलना करणे प्रथमच शक्य झाले.

या निरीक्षणांतून जे निघाले त्याने आमच्या विषयाची दिशाच बदलली. औषध किंवा किरणे वाढत्या पेशी मारतात, गालाच्या अस्तराच्या पेशी झपाट्याने वाढतात, म्हणून त्याही मरतात आणि तेथे व्रण पडतो, असे सरळसोट उत्तर आम्ही विद्यार्थी असताना घोकले होते. सोनिस यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या आणि २००४ मध्ये विस्ताराने प्रसिद्ध केलेल्या उपपत्तीनुसार हे सारे पाच टप्प्यांत घडते. इजा प्रथम अस्तराखालच्या ऊतींत आणि बारीक रक्तवाहिन्यांत होते, तेथून दाहाचे रासायनिक निरोप सुटतात, ते एकमेकांना वाढवत नेतात, मग कुठे वरचे अस्तर फाटते आणि शेवटी भरून येते. डोळ्यांना दिसणारा व्रण हा चौथा टप्पा असतो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांतल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. पानावर डावणी या बुरशीरोगाचा डाग दिसल्यावर फवारणीचा पंप काढणारा बागायतदार उशिराच पोहोचलेला असतो. रुग्णाने तोंड आल्याची तक्रार केल्यावर मलम लिहून देणारा डॉक्टरही तसाच उशिरा पोहोचतो.

टप्पे आहेत म्हटल्यावर ते अडवताही येतात. २००४ मध्येच अमेरिकेत पॅलिफर्मिन या औषधाला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगात मूलपेशींच्या प्रत्यारोपणापूर्वी दिल्यावर, तीव्र व्रण होणाऱ्या रुग्णांचे प्रमाण ९८ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर आले. ते महाग आहे आणि त्याची जागा मर्यादित आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. मला भावलेला उपाय बर्फाचा आहे. फ्लोरोयुरॅसिल हे केमोथेरपीचे औषध शिरेतून एकदम दिले जाते तेव्हा त्याआधी पाच मिनिटे आणि नंतर, अशी एकूण अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे घोळवले, तर रक्तवाहिन्या आकसतात, औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोहोचते आणि व्रण कमी होतात. १९९१ पासून हे सिद्ध आहे आणि खर्च बर्फाच्या ट्रेएवढा आहे. किरणोपचार घेणाऱ्यांसाठी कमी शक्तीच्या लेसरचा उपयोग होतो. आपल्या देशात मणिपाल येथे २२१ रुग्णांवर झालेली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी या विषयात जगभर उद्धृत केली जाते. उलट, जे क्लोरहेक्सिडिनचे माउथवॉश आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाते, ते हे व्रण टाळण्यासाठी वापरू नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते. या मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि त्यानंतर २००७, २०१४ व २०२० मध्ये ती सुधारली गेली. म्हणजे वीस वर्षे छापील उत्तर उपलब्ध असताना आपण ‘सोसावा लागतो’ असे छापत आहोत.

व्रण निदान भरून तरी येतात. त्यानंतर जे सुरू होते त्याविषयी पुरवणीत काहीच नव्हते आणि माझ्या मते खरा विषय तोच आहे. मोठ्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की लाळ आटते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ येते. ती दात धुते, आम्ल मारते, झिजलेल्या दाताला चुना परत देते. ती गेली की ज्या माणसाला जन्मात कीड माहीत नव्हती त्याचे दात काही महिन्यांत हिरडीलगत तपकिरी होतात आणि एखाद्या सकाळी भाकरीच्या पापुद्र्याबरोबर दाताचा अख्खा माथा तुटून हातात येतो. ही कीड चावण्याच्या खाचांत न लागता दाताच्या मानेभोवती लागते. ओळखीच्या डोळ्याला ती दारातूनच कळते.

पूर्वी यावरचा उपाय सरळ होता, किरणांआधी सगळे दात काढून टाकायचे. त्यावर ह्यूस्टनमध्ये सॅम्युअल ड्रायझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम केले. रुग्णाच्या दातांवर चपखल बसणाऱ्या ट्रेमध्ये १ टक्का सोडियम फ्लोराइडची जेल घालून ती रोज लावली तर ही कीड रोखता येते, हे त्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. त्यानंतर दहा वर्षांनी, म्हणजे १९८७ मध्ये, मुंबईतील एका रुग्णालयात नवखा व्याख्याता असताना मी सिन्नरकडच्या एका शेतकऱ्याचे बावीस दात दोन बैठकांत काढले. त्यांतले निदान चौदा धडधाकट होते. मला तसे शिकवले होते, वरिष्ठांची सही होती आणि ग्रंथालयात नियतकालिके उशिरा येत, ही कारणे खरी आहेत. पण ती त्या माणसाच्या उपयोगाची नव्हती. वर्षाने तो कवळी रुमालात बांधून घेऊन आला. कोरड्या तोंडात कवळी धरत नाही, हिरडीला घासते, हेही मला तेव्हाच कळले. त्याने तक्रार केली नाही. ‘आता पेजेवरच भागवतो’ एवढेच म्हणाला आणि कवळी माझ्या टेबलावर ठेवून गेला. पुढे मी स्वतः ट्रे करायला शिकलो. अल्जिनेटमध्ये माप घ्यायचे, प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक तापवून बसवायचे आणि हिरडीच्या कडेने कात्रीने कापायचे. सराव झाला की दोन्ही जबड्यांचे काम एका दुपारचे. रुग्णाने त्यात रोज रात्री जेल भरून पाच-दहा मिनिटे धरायची आणि अर्धा तास चूळ भरायची नाही. हे आयुष्यभर करायचे असते आणि तेथेच बहुतेकजण ढेपाळतात, हेही लिहिले पाहिजे.

हाडाची गोष्ट याहून वाईट आहे. किरणे पोहोचलेल्या जबड्यात रक्तवाहिन्या, पेशी आणि प्राणवायू तिन्ही कमी होतात, म्हणून जखम भरत नाही, ही मांडणी मायामीचे मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८३ मध्ये केली. अशा रुग्णाचा दात काढण्यापूर्वी त्याला दाबाखालचा प्राणवायू द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९८५ मधील त्यांच्या चाचणीत पेनिसिलिन दिलेल्या गटात २९.९ टक्के, तर प्राणवायूच्या गटात ५.४ टक्के रुग्णांचे हाड सडले. आम्ही ते आकडे वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. मग २०१९ मध्ये ब्रिटनमधून मोठ्या चाचणीचा निकाल आला. प्राणवायू दिलेल्यांत ६.४ टक्के आणि न दिलेल्यांत ५.७ टक्के, म्हणजे फरक नाहीच. माझे काही सहकारी खट्टू झाले, मला मात्र समाधान वाटले. या क्षेत्रात कोणाचा शब्द अखेरचा नाही, हे विद्यार्थ्यांना दाखवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला मिळाले नसते. याच मार्क्स यांनी २००३ मध्ये ३६ रुग्णांचा दाखला देऊन वेगळाच इशारा दिला होता. कर्करोग हाडात पसरल्यावर दिल्या जाणाऱ्या झोलेड्रोनेटसारख्या इंजेक्शनांमुळेही जबडा सडतो, असे त्यांनी सांगितले होते आणि तो इशारा टिकला. स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या कितीतरी भगिनींना ही इंजेक्शने मिळतात. त्यांचा आणि दंतवैद्याचा संबंध काय, असे त्यांना वाटत असते.

गेल्या पावसाळ्यात निफाडकडचे एक गृहस्थ पत्नीसह माझ्याकडे आले. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जिभेच्या कर्करोगासाठी ‘शेक’ घेतला होता. आपल्याकडचे बरेच रुग्ण किरणोपचारांना शेकच म्हणतात. कर्करोग बरा झाला होता. मग खालची दाढ दुखू लागली, तालुक्याच्या गावी ती काढली गेली आणि तीन महिने जखम मिटली नाही. मी आरसा आत घातला तर दाढेच्या जागी पिवळसर, कोरडे हाड उघडे पडले होते आणि हनुवटीखाली पू झिरपत होता. दाढ काढणाऱ्या दंतवैद्याला मी दोष देत नाही. केसपेपरवर मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार असे रकाने असतात, त्यांत ‘मान-चेहऱ्याला किरणे घेतली आहेत का’ हा रकाना सहसा नसतो. बाई म्हणाल्या, ‘त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. शेक तर कॅन्सरला घेतला होता, दाढेला सांगायचं असतं हे आम्हाला कुठं ठाऊक?’

ती दाढ किरणे सुरू होण्यापूर्वी दहा ते चौदा दिवस आधी निघाली असती, तर जखम भरून आली असती. असा वेळ काढता येतो, हे मुद्दाम सांगतो. निदान पक्के होणे, कागदपत्रे, योजनेची मंजुरी, चेहऱ्याचा मास्क बनवणे, स्कॅन आणि आखणी यांत दिवस जातातच; त्यातल्या पहिल्याच दिवशी जबड्याचा एक मोठा एक्सरे आणि अर्ध्या तासाची दंततपासणी बसवायची असते. त्यात वाचण्याजोगे दात वाचवायचे, न वाचणारे काढायचे आणि ट्रेचे माप घ्यायचे. दात काढल्याने कर्करोग पसरतो किंवा वरची दाढ काढली की नजर जाते, हे समज घरोघरी आहेत. ते दूर करायला दंतवैद्य त्या खोलीत असावा लागतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, जी परदेशी मार्गदर्शिकांत नीटशी उतरत नाही. सुपारी आणि गुटख्यामुळे आपल्या बऱ्याच रुग्णांचे गाल किरणांआधीच ताठ झालेले असतात, तोंडात दोन बोटेही जात नाहीत. अशा तोंडात मापाचा ट्रे घालायचा कसा? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी हे तरुण चेहरे येणे थांबलेले नाही. आणि शेकानंतर जबडा आणखी आखडतो. आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांत धरून रोज एकेक काडी वाढवण्याचा व्यायाम आम्ही शिकवतो. तोही लवकर सुरू केला तरच साधतो. हा आपला स्वतःचा संशोधनविषय आहे. महाराष्ट्रात हे नवे नाही: मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतवैद्य डॉ. फली मेहता यांनी डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग आणि इतर सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखूने तोंडाचे काय होते हे जगाला शिकवण्यात त्या खेड्यांचा वाटा आहे. कर्करोग झाल्यावर, उपचारांनंतर, त्याच तोंडांचे पाच-दहा वर्षांत काय होते, हे मोजण्याचे काम तितक्याच निगुतीने व्हायला हवे.

त्यासाठी नाशिकइतके योग्य गाव नाही. राज्यभरातील दंतमहाविद्यालये ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्याचे मुख्यालय १९९८ पासून येथेच, म्हसरूळला आहे. शहरात दंतमहाविद्यालय आहे, किरणोपचारांची यंत्रे आहेत, आणि सुरगाणा-पेठपासून मालेगावपर्यंतचे रुग्ण येथे येतात. पदव्युत्तर विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. त्यांतले थोडे तरी विषय किरणोपचार कक्षाच्या दाराशी निवडले जावेत आणि आंतरवासितेतील मुलांनी महिनाभर तेथे बसावे. मी हे पूर्वी बैठकांतून बोललो आहे. उत्तर बहुधा असे मिळे की कर्करोगतज्ज्ञांनी बोलावले तर जाऊ. आणि कर्करोगतज्ज्ञ म्हणत, दंतवैद्य येतात कुठे? दोन्ही बाजू सज्जन आणि कामात बुडालेल्या आहेत, म्हणूनच कोणीतरी नियम करायला हवा. किरणोपचारांच्या संमतिपत्रावर ‘दंततपासणी झाली, तारीख’ ही एक ओळ छापायला आणि दंतवैद्यांच्या केसपेपरवर ‘किरणे घेतली आहेत का, हाडांची इंजेक्शने चालू आहेत का’ हा एक रकाना वाढवायला कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.

आपणाकडे माझे मागणे त्याहून लहान आहे. पुढील वर्षी पुरवणी निघेल तेव्हा त्या चौकटीतले वाक्य बदलावे आणि ‘किरणोपचार किंवा केमोथेरपी ठरली की पहिली किरण किंवा पहिली बाटली लागण्याआधी दंतवैद्याला तोंड दाखवा; नंतर कधीही दात काढायचा झाला तर शेक घेतल्याचे आधी सांगा’ एवढे छापावे. जागा उरलीच तर खाली, लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा चूळ भरावी, असेही द्यावे. ही चूळ झोंबत नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दंतवैद्यक प्राध्यापक,
इंदिरानगर, नाशिक